दोऱ्याचं दुसरं टोक

१

“जायचं, बघायचं, डबा खायचा, परत यायचं. त्यात भिण्यासारखं काही नाही. फक्त एक गोष्ट तिथे करायची नाही. माझ्या साडूनं नेमकी तीच केली, आणि मग—”

इस्त्रीवाला इतकं बोलला आणि गप्प झाला. जिन्याच्या वळणावर कुणाच्या तरी चपला थांबलेल्या त्याला दिसल्या होत्या. त्या कुणाच्या, हे इमारतीत कुणीही ओळखलं असतं. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना जिन्यात थांबायची सवय एकाच बाईला होती.

शिवणबाई मग हातातली पिशवी उगाच सावरत खाली उतरली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचं शिवणयंत्र चाले. इमारतीतल्या प्रत्येकाच्या कमरेचं माप तिला ठाऊक, त्यामुळे पथ्यावर कोण आहे आणि नुसतं तसं म्हणतंय कोण, हेही ठाऊक. स्वभावानं माणूस लाखमोलाचं. कुणाकडे आजारपण असलं की हिच्याकडून भाताचा डबा आलाच. पण डबा द्यायला गेलेली बाई आजाराचं नाव, औषधांची नावं आणि डॉक्टर काय म्हणाले ते सगळं घेऊनच परत यायची.

इस्त्रीच्या टेबलाशी कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून कंपाउंडरीणबाई उभी होती. शिवणबाईला बघताच तिला गॅसवर दूध राहिल्याचं आठवलं आणि ती वर निघून गेली.

“काय केलं म्हणे साडूनं?” शिवणबाईनं विचारलं.

“काही नाही ओ ताई. पाय मुरगळला त्याचा.”

“पाय मुरगळला ते सांगायला आवाज इतका खाली लागतो का?”

इस्त्री करून झालेल्या शर्टावरच इस्त्रीवाला पुन्हा पाणी शिंपडायला लागला. तो शर्ट कंपाउंडरचा होता, आणि येत्या रविवारी जुन्या शहराच्या अवशेषांकडे सहल नेणार होता तोही कंपाउंडरच. शिवणबाईनं दोन आणि दोन चार केले. सहलीबद्दल काहीतरी वाईट बोललं जात होतं आणि ते नेमकं तिच्यापासून लपवलं जात होतं. कारण सहलीला ती एकटी जाणार नव्हती, दादाला घेऊन जाणार होती.

एरवी तिनं ते बोलणं इस्त्रीवाल्याच्या पोटातून काढूनच दम घेतला असता. पण त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदाच म्हणा ना, तिला वाटलं की नको ऐकायला. ऐकलं तर जाणं रद्द होईल, आणि रद्द करून चालणार नव्हतं.

२

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. गवंडी. आई-वडील गेले तेव्हा तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. दादा तिला कामावर घेऊन जायचा, वाळूच्या ढिगावर बसवायचा आणि वरच्या बांबूच्या परांचीवरून दर थोड्या वेळानं हाक मारायचा, “चिमे, आहेस ना गं?” ती “आहे” म्हणायची आणि तो पुढचा दगड घ्यायचा. चिमी हे नाव त्यानंच ठेवलेलं, आणि ते फक्त त्याच्याच तोंडात. तिला पहिली सुई ओवून दिली तीही त्यानं. एवढ्या राठ बोटांनी ते कसं जमवलं, देव जाणे.

पुढे दोघांचे संसार झाले. तिचा नवरा गेला, त्याची बायको गेली, मूलबाळ दोघांनाही नाही. मग दादा त्याची पत्र्याची पेटी घेऊन हिच्याकडे आला आणि आतल्या खोलीत त्याची खाट पडली. काही वर्षं बरी गेली. मग त्याचे हात थरथरायला लागले.

आधी चहाच्या कपात ते दिसलं, मग कामावर. थापीवर चुना ठरेना, ओळंबा सोडला की तो घड्याळाच्या लंबकासारखा हलायचा. ठेकेदार भला माणूस होता, तोंडावर काही बोलला नाही. नुसता बोलवायचा थांबला. दादानंही विचारलं नाही. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायला लागला, आणि बसलाच. जेव म्हटलं की जेवायचा, नीज म्हटलं की निजायचा. डॉक्टरांनी सांगितलं, शिरांचं दुखणं आहे, यावर औषध नाही, मन रमवा, हवापालट करा.

मन रमवा म्हणायला डॉक्टरांचं काय जातं. शिवणबाईनं रेडिओ आणला, पत्ते आणले, मोठ्यानं बोलून बघितलं, भांडूनही बघितलं. दादा कशातच आला नाही. यंत्रावर बसल्या बसल्या ती मान वळवून आतल्या खोलीत बघायची. माणूस समोर बसलेला आहे आणि तरी आपल्या हातून निसटतोय, हे तिला शिवणीतल्या सुटत्या टाक्यासारखं कळत होतं. या जगात तिचं म्हणावं असं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

म्हणून सहल. भिंतींचंच गाव आहे दादा, तुझ्या जातीचं, असं तिनं त्याला म्हटलं. पडक्या भिंती काय बघायच्या, असं तो म्हणाला. पण रविवारी सकाळी त्यानं स्वतःहून शर्ट घातला. बटणं मात्र तिला लावून द्यावी लागली.

३

बसमध्ये कंपाउंडरनं शिट्टी आणली होती आणि ती तो कारण नसताना वाजवत होता. गोळ्या वाटल्या गेल्या, गाणी झाली, एका आजीबाईंना बस लागली. दादा खिडकीशी बसून बाहेर बघत होता, म्हणजे निदान भिंतीकडे बघत नव्हता.

शहर मोठं होतं. पण शहर म्हणजे काय, तर कमरेएवढ्या, फार तर खांद्याएवढ्या भिंती, त्यांच्यामधून गल्ल्या, दगडी उंबरे, झाकलेली गटारं, आणि वर न जाणारे जिने. कुणीतरी कापडावर खडूनं सगळं बेतून ठेवावं आणि कापायचं राहून जावं, तसं ते जमिनीवर आखलेलं दिसत होतं. माहिती सांगणारा माणूस पुढे चालत मोठ्यानं सांगत होता, हे धान्याचं कोठार, ही भट्टी, इथे सोनार बसत. सगळे माना हलवत होते. शिवणबाईला गंमत वाटली ती याची, की हजारो वर्षांपूर्वीसुद्धा दोन घरांमधली भिंत पातळच होती. शेजारचं सगळं ऐकू येत असणार.

एका वळणावर दादा मागे राहिला. ती परत गेली. तो एका भिंतीच्या टोकाशी उभा राहून कडेवरून हात फिरवत होता.

“चिमे,” तो म्हणाला.

ती थबकली. ही हाक तिनं कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती.

“हे पडलेलं नाही.”

“मग काय आहे?”

“पडलेली भिंत कशीही तुटते. ही सोडलेली आहे. बघ, एक दगड बाहेर, एक आत, परत एक बाहेर, एक आत. पुढची भिंत येऊन यात अडकायची असली की आम्ही कडेला असे दाते सोडतो. संध्याकाळी काम थांबवायचं आणि सकाळी इथूनच पुढे धरायचं.”

तिनं बघितलं. खरंच तसं होतं. मग मधेच काम थांबलं असेल बिचाऱ्यांचं, ती म्हणाली, पूर आला असेल, रोगराई आली असेल. दादानं समोरची भिंत दाखवली. तिलाही दाते. पलीकडची, तिलाही. गल्लीच्या टोकापर्यंत एकही भिंत मोडलेली नव्हती. प्रत्येक भिंत थांबवलेली होती.

दादानं दोन दगडांमधल्या चुन्यात नख दाबलं. नख आत गेलं. त्यानं बोट नाकाशी नेलं, आणि मग न बोलता तिच्या नाकाशी धरलं. लहानपणी वाळूच्या ढिगावर जो वास यायचा तोच. ओल्या चुन्याचा.

तिनं माहिती सांगणाऱ्याला गाठून सहज म्हणून विचारलं, इथे डागडुजी चालते का. छे, तो म्हणाला, दगडाला हात लावायची कुणालाच परवानगी नाही, आम्हालासुद्धा. तिला थोडं बरं वाटलं. सरकारी माणसाला शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते माहीत नसतं. कुठल्या तरी खात्यानं चार मजूर लावले असतील आणि याला सांगितलं नसेल. भिंतीच्या पायथ्याशी दगड प्रतवारीनं रचून ठेवले होते, मोठे एकीकडे, लहान एकीकडे, आणि जमिनीवर घडाईच्या कपच्या पडल्या होत्या, अजून पांढऱ्या, अजून धारदार. मजूर आहेतच म्हणजे. रविवार म्हणून आले नसतील.

एवढं सगळं तिनं स्वतःला समजावलं. एक मात्र तिला समजावता आलं नाही. भिंती कमरेएवढ्या, वर छप्पर नाही, सगळीकडे उघडं आकाश. तरी गल्लीचं वळण घेतलं की मागच्या लोकांचा आवाज एकदम बंद व्हायचा. दार लावून घेतल्यासारखा.

४

डबे खाऊन झाल्यावर मंडळी सावली बघून आडवी झाली. कंपाउंडर शिट्टी गळ्यात घेऊनच घोरायला लागला. शिवणबाईनं डबे पुसून पिशवीत भरले आणि मान वर केली, तर दादा नव्हता.

तो दोन गल्ल्या आत सापडला. गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या हातात दगड होता. दगड तो फिरवत होता, अलीकडून पलीकडून बघत, कुठली बाजू भिंतीच्या तोंडाला घ्यायची ते ठरवत. शिवणबाई जवळ गेली आणि तिची नजर त्या हातांवर पडली. दादाचे हात स्थिर होते. कपसुद्धा न धरवणारे ते हात दगड असा धरून होते, की जणू दगडाचा आधार त्यांना होता.

त्यानं तो दगड भिंतीच्या दात्यात बसवला, दुसऱ्या दगडानं वरून दोनदा ठोकलं. दगड बसला. तो आवाज तिला ओळखीचा होता. डब्याचं झाकण नीट लागलं की होतो, तसा.

“चिमे, दोरी आहे का गं?”

दोरी कुठली असणार. पण शिवणबाईच्या पर्समध्ये बाकी काही नसलं तरी दोऱ्याचं रीळ असतंच. बटणं लावायचा जाड दोरा तिनं काढून दिला. नको म्हणावं, परवानगी नाही म्हणून सांगावं, हे तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण दादानं काहीतरी मागितलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

“हे टोक धर. दगडाच्या वरच्या कडेला. हलू नको,” तो म्हणाला आणि रीळ सोडत सोडत भिंतीच्या बाजूनं कोपऱ्यापलीकडे गेला.

ती टोक धरून बसली. लहानपणीसुद्धा ती अशीच दोरी धरायची, श्वास रोखून. दोरा ताणला गेला. मग कुणीतरी तो मधे बोटानं उचलून सोडला, ओळ सरळ आहे का बघायला सोडतात तसा, आणि तिच्या चिमटीत बारीक कंप आला. तिचे डोळे भरून आले. देवा, एवढंच हवं होतं, असं ती मनात म्हणत होती.

“चल. बस सुटेल.”

आवाज मागून आला. तिनं वळून बघितलं. दादा तिच्या पाठीशी उभा होता, पँटला हात पुसत.

दोरा तिच्या चिमटीत तसाच ताठ होता.

“दादा,” ती म्हणाली, आणि आपला आवाज आपल्यालाच लांबून आल्यासारखा तिला वाटला, “पलीकडे कुठे बांधलास रे?”

“बांधला नाही. धरायला दिला.”

“कुणाला?”

असला प्रश्न कुणी विचारतं का, अशा नजरेनं त्यानं तिच्याकडे बघितलं. “आहेत की,” तो म्हणाला.

दोऱ्याला दोन लहान हिसके बसले. झालं, सोड आता, असं सांगणारे. तिनं सोडला. दोरा जमिनीवर पडला आणि सरकायला लागला. वाऱ्यानं उडतो तसा नाही, नुसता ओढला जातो तसाही नाही. तो थोडा थोडा, अडखळत, एका लयीत जात होता. शिवणबाईचा जन्म दोऱ्यात गेलेला. वाया जाऊ नये म्हणून कुणी बोटांवर गुंडाळून घेत असलं की दोरा असाच जातो, हे तिला सांगायला कुणाची गरज नव्हती.

टोक कोपऱ्यापलीकडे गेलं. ती बघायला गेली नाही. दुसऱ्याच्या दारातून डोकावल्याशिवाय जिचा दिवस जात नसे, ती बाई त्या कोपऱ्यापर्यंत दहा पावलं चालली नाही.

५

बसमध्ये कंपाउंडरनं माणसं मोजली. सगळी होती. दादा तिच्या शेजारी बसून झोपला होता आणि त्याचे हात मांडीवर गप्प पडले होते. ती ते हातच बघत आली. दोऱ्याचं काय, रीळ कुठे अडकलं असेल. मागे पुढे त्याचं कारण सापडेल. हात बरे झाले होते, याला कारण लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला जाग आली तेव्हा दादा आंघोळ करून तयार होता. त्यानं माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, थापी आणि ओळंबा घेतला, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आतून टक टक ऐकू यायला लागलं. दुपारी चहाच्या वेळी तो बाहेर आला, शीळ घालत, मनगटापर्यंत पांढरा.

“काय करतोस आत?”

“काम,” तो म्हणाला आणि दोन कप चहा प्यायला.

तो हात धुवायला गेला तशी ती आत डोकावून आली. खाट होती तिथे, भिंती होत्या तशा, फरशीवर चुन्याचा कणही नाही. खिडकीतून शेजारच्या इमारतीचं गटार दिसत होतं, रोजच्यासारखं.

मग ते रोजचंच झालं. शिवणबाईनं जिनाभर सांगून टाकलं की दादाला गुण आला. सगळ्यांनाच आनंद झाला. घरबसल्या कसलं काम मिळवून दिलंस गं, असं कंपाउंडरीणबाईनं विचारलं. मूर्ती-बिर्ती करतो काहीतरी, असं शिवणबाईनं ठोकून दिलं. खोटं बोलताना तिची जीभ अडखळली, कारण ही बाई बातम्या आणायची, बनवायची नाही.

तिनं विचार करून बघितला. माणसाला छंद लागतो. जुनं काम हातांना आठवतं. चुना कुठून येतो, तर पेटीत राहिलेला असेल. पण शर्ट धुताना तिच्या हाताला वाळू लागायची, पिवळसर. आणि एक दिवस त्याला वाढताना तिला दिसलं की दादाची मान उन्हानं रापली आहे, कॉलरच्या रेषेपर्यंत, भर उन्हात दिवस काढणाऱ्या माणसाची रापते तशी. सहलीहून आल्यापासून दादा जिना उतरला नव्हता. त्याच्या खोलीत ऊन येत नव्हतं.

६

शेवटी ती त्याचा एक शर्ट घेऊन खाली गेली. इस्त्रीवाल्यानं शर्ट पसरला, बाहीच्या शिवणीत अडकलेली वाळू बोटानं काढली आणि इस्त्री उभी करून ठेवली.

“दगड बसवला का त्यांनी?” त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली.

मग तो सगळं बोलला. त्याचा साडू नीटनेटका माणूस, वाकडं दिसलं की हात शिवशिवायचे. तिथे एक सुटा दगड दिसला, तो उचलून त्यानं जागेवर ठेवला. एवढंच केलं. आणि मग तो परत आलाच नाही.

शिवणबाईला इतका सुटल्यासारखा श्वास आला की ती हसली. आलाच नाही म्हणजे बसमध्ये चढलाच नाही का, तिनं विचारलं. बसमध्ये होता म्हणतात, इस्त्रीवाला म्हणाला. मग घरी आला की, ती म्हणाली.

“ते मला माहीत नाही ताई. मेहुणी एवढंच म्हणते, तो आला नाही. रडत म्हणते, त्यामुळे पुढे विचारवत नाही.”

“माझा दादा तर वर बसलाय. आत्ता चहा मागेल.”

“मग झालं तर,” इस्त्रीवाला म्हणाला, पण इस्त्री त्यानं लगेच उचलली नाही.

ती जिना चढून वर आली. लोकांना काय, एकाचे दोन करायची सवयच. घरात टक टक चालू होती. एरवी ती दार वाजवायची. त्या दिवशी, खालच्या बोलण्याच्या धुंदीत म्हणा, तिनं सरळ ढकललं.

खाटेमागची भिंत जिथे असायला हवी तिथे नव्हती. ती मागे होती, बरीच मागे, आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. उन्हात एक सरळ काळी रेघ होती, भिंतीला समांतर. ती दोऱ्याची सावली. रेघेच्या दोन्ही टोकांना माणसांच्या सावल्या ओणवलेल्या. एक दादाची, ती तिनं कुठेही ओळखली असती. दुसरी हळूहळू वर झाली, आणि कामात कुणी आलं की आपण बघतो तशी त्या सावलीनं मान दाराकडे वळवली.

शिवणबाईनं दार ओढून घेतलं. कडी हातात धरून ती उभी राहिली. आपल्याच घरातल्या कडीला धरून, श्वास घ्यायलाही भीत.

आतून खोकला ऐकू आला. मग दादाचं घसा खाकरणं. दार उघडून तो बाहेर आला, त्याच्या मागे खोली होती, खाट होती, भिंत तिच्या जागी.

“चहा झाला का?” त्यानं विचारलं.

७

बदल इतका सावकाश होत गेला की तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्याला कळलाही नसता. दादा बरा होता, उलट तब्येत सुधारली होती. पण चहाचा कप कुठे ठेवतात ते त्यानं एक दिवस विचारलं. मग खुर्चीवर बसायचा तो खाली बसायला लागला, दारापाशी, पाय दुमडून. कपडे मळलेत म्हणून, असं म्हणाला. तिनं खुर्ची पुढे केली तर संकोचला. जेवण झाल्यावर आपलं ताट उचलून कुठे ठेवू म्हणून घुटमळायला लागला. ती बोलायची, तो ऐकायचा, हसून उत्तरही द्यायचा. परक्याला द्यावं तसं, अदबीनं.

तिनं मुद्दाम जुन्या गोष्टी काढल्या. वाळूचा ढीग, वेणी, पहिली सुई. तो मन लावून ऐकायचा. “चांगला होता तुमचा भाऊ,” असं एकदा म्हणाला.

तिनं आतलं दार बंद करून त्याला कुलूप घातलं. दादा दिवसभर त्या दारासमोर उभा राहिला. हात थरथरायला लागले, मग खांदे, मग हनुवटी. तिच्याकडे त्यानं काही मागितलं नाही. संध्याकाळी तिनंच कुलूप काढलं. तिला बघवलं नाही.

आणि मग एका दुपारी तो काम संपवून बाहेर आला आणि चहाला बसलाच नाही. आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिला, टोपी काढून.

“बाई, थोडं पाणी मिळेल का?”

शिवणबाई यंत्रावर होती. तिचा पाय थांबला. अशी हाक गवंडी मारतात, ज्या घरी काम चालू असतं त्या घरच्या मालकिणीला. दादाच्या तोंडून तिनं ती शेकडोदा ऐकली होती, दुसऱ्यांच्या घरी.

तिनं पाणी दिलं. त्यानं ओठांना न लावता वरून ओतून घेतलं, तांब्या जमिनीवर ठेवला, हात जोडले.

“उद्या येशील ना?” तिनं विचारलं. दुसरं काय विचारायचं तिला सुचलं नाही.

त्यानं घराकडे एक नजर टाकली. चार भिंती, नीट रंगवलेल्या, सरळ, कुठे भेगही नाही. तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ते त्याला दिसत होतं.

“काम असलं तर येईन, बाई,” तो म्हणाला आणि खोलीत गेला.

इस्त्रीवाल्याची मेहुणी खोटं बोलत नव्हती. पण खरंही पुरतं बोलत नव्हती. येतो, माणूस परत येतो. मात्र आपला म्हणून येत नाही, कामावर येतो. आणि काम संपलं की त्याला थांबायला कारण राहत नाही.

शिवणबाई उठली, यंत्रावरची मोठी कात्री घेतली, भिंतीला टेकवलेलं कपड्यांचं कपाट ओढून बाजूला केलं. कात्रीच्या टोकानं तिनं गिलाव्याला पहिला ओरखडा काढला. पांढरी पूड तिच्या पायांवर पडली. मग तिनं कात्री मुठीत उलटी धरली आणि ठोकायला सुरुवात केली. कोपऱ्यापासून, नेटानं, सकाळपर्यंत गवंड्याला निदान एका दिवसाचं काम निघेल इतकं.